'उत्तेजनार्थ' या शब्दाचं करायचं काय?

ग्रंथपाल_अर्धवेळ (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण शुक्रवारच्या आत उत्तर हवंय.

आमच्या वाचनालयाची शालेय निबंध स्पर्धा नुकतीच पार पडली. पहिले तीन नंबर निघाले. त्याखालचे पाच निबंध परीक्षकांनी वेगळे ठेवलेत, त्यांना नेहमीप्रमाणे 'उत्तेजनार्थ पारितोषिक'. वर्षानुवर्षं हेच छापतोय, कुणाला काही खटकलं नव्हतं. यंदा समितीत कॉलेजात शिकणारा एक मुलगा आलाय. मजकूर वाचून तो म्हणाला, "काकू, तेवढा शब्द बदला. मला आठवीत हे मिळालं होतं. वर्गातली पोरं वर्षभर 'ए उत्तेजित' अशी हाक मारायची. प्रमाणपत्र मी घरीसुद्धा दाखवलं नाही."

मी गप्पच झाले. माझ्या कानाला हा शब्द अगदी सरळ आहे, त्याच्या कानाला नाही. आणि बक्षीस मिळणार त्या वयाच्या मुलांना.

दुसरा शब्द सुचतो का कुणाला? आणि 'उत्तेजन'चा मूळ अर्थ नेमका काय, हेही कुणी नीट सांगा. गुरुवारी समितीची बैठक आहे, भांडायचं तर हातात काहीतरी हवं.

खोडरबर | मंगळवार, रात्री ९.२२

'प्रोत्साहनपर'. झालं. धागा बंद करा. :)

फाईलबंद | मंगळवार, रात्री ९.४०

खोडरबर, थांबा जरा. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. 'प्रोत्साहन' म्हटलं की मला टिपणी दिसते. प्रोत्साहन भत्ता, प्रोत्साहन अनुदान, आणि उद्योगांसाठीची सामूहिक प्रोत्साहन योजना तर १९६४ पासून या ना त्या रूपात चालूच आहे. म्हणजे कारखान्यानं यावं म्हणून शासन जे देतं, ते प्रोत्साहन. शब्द वाईट नाही, पण त्याला शाईच्या पॅडचा वास येतो. मुलांना 'प्रोत्साहनपर' दिलंत तर रक्कम खात्यावर कधी जमा होणार ते विचारतील.

मिनूची_आई | मंगळवार, रात्री ९.५५

विचारू देत, हसणार तर नाहीत ना! मला त्या मुलाचं पटतंय. 'उत्तेजक' हा शब्द आज पेपरात कुठे भेटतो बघा: अमुक खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी. 'उत्तेजित'बद्दल तर बोलायलाच नको. शब्द मुळात कितीही सोवळा असला तरी पोरं तो आजच्याच अर्थानं वाचणार. भाषेचा अभिमान आपला आणि चिडवाचिडवी सोसायची त्यांनी, हे काही बरोबर नाही.

निरुक्तवेडा | मंगळवार, रात्री १०.३०

सोवळं-ओवळं नंतर बघू, आधी मूळ बघू. प्रतिसाद लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

उत्तेजन = उद् + तिज्. धातुपाठात 'तिज निशाने' असं दिलंय. इथलं निशान म्हणजे झेंडा नव्हे. निशान म्हणजे धार लावणं. तीक्ष्ण, तिग्म, तेज ही सगळी त्याच घरची मंडळी. फारसीतला 'तेज', म्हणजे धारदार, वेगवान, हा याच धातूचा इराणकडचा भाऊ आणि आपल्या बाजारातली 'तेजी' त्याच्याकडून आली. संस्कृतात तलवारीला धार लावण्याला 'उत्तेजन' म्हणतात आणि माणसाला उमेद देण्यालाही.

आता बक्षिसाकडे या. इंग्रजीत या बक्षिसाला सांत्वनाचं बक्षीस म्हणतात. हिंदीतही 'सांत्वना पुरस्कार'. म्हणजे काय, तर हरलास, आता रडू नकोस, हे घे. मराठीनं तो मार्ग धरला नाही. मराठी म्हणते: पातं चांगलं आहे, धार थोडी कमी पडली, लावून घेऊ. सांत्वन झालेल्या गोष्टीचं करतात. उत्तेजन पुढच्या खेपेसाठी असतं. एका साध्या छापील शब्दात एवढा फरक आहे, आणि तो आपण चार पोरं फिदीफिदी हसली म्हणून सोडायचा?

जाता जाता. याच तिज्पासून 'तितिक्षा' होतो. तितिक्षा म्हणजे सोसण्याची ताकद. खोडरबरांचं 'प्रोत्साहन' सोडवलं तर प्र + उद् + सह्, आणि सह् म्हणजे सोसणं, तसंच मात करणं. उत्साह आणि साहस तिथलेच. (नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह सांगितलाय, राग किंवा शौर्य नाही.) म्हणजे उमेद देण्याचे आपले दोन्ही भारदस्त शब्द सोसण्याच्या गल्लीतून येतात. यावर मी काही सिद्धांत मांडत नाही. मला हे आवडलं, एवढंच.

खोडरबर | मंगळवार, रात्री १०.४१

धागा बंद करा हे शब्द मागे घेतो.

चष्मा_डोक्यावर | मंगळवार, रात्री १०.५०

धार लावण्याला गावाकडे 'पाजवणे' म्हणतात. विळा पाजवून आण, वस्तरा पाजव. तर मग 'पाजवणार्थ पारितोषिक'?

मिनूची_आई | मंगळवार, रात्री १०.५३

ते छापाच! पालक काय समजतील ते बघायला मी स्वतः समारंभाला येते.

सहावा_नंबर | मंगळवार, रात्री ११.३५

निरुक्तवेडा, प्रतिसाद सुंदर आहे. आता पात्याची बाजू ऐका.

माझ्याकडे शाळा-कॉलेज मिळून सहा उत्तेजनार्थ आहेत. वक्तृत्व, निबंध, चित्रकला, पुन्हा निबंध, एकांकिका, पुन्हा वक्तृत्व. हे नाव इथे घेतलंय ते त्यावरूनच. पहिलं मिळालं तेव्हा आनंद झाला. दुसऱ्याला बरं वाटलं. चौथ्या खेपेला माझं नाव पुकारलं तेव्हा मी खाली वाकून बुटाची लेस बांधत बसलो, स्टेजवर गेलोच नाही. सरांना वाटलं मी आलेलो नाही.

दगडावर धार लावताना पातं झिजतं हो. धार लावणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून तो बेतानं लावतो. सहा वेळा कुणीतरी मला 'अजून थोडं कमी पडतंय' एवढंच सांगितलं. नेमकं कुठे कमी पडतंय, आणि मुख्य म्हणजे काय जमलंय, हे एकदाही नाही. शब्द सांत्वनाचा आहे की धारेचा, याचा मला काडीचा फरक पडला नसता. माझ्या निबंधातलं कुठलं वाक्य आवडलं, हे परीक्षकांनी पेननं खाली लिहिलं असतं तर ते प्रमाणपत्र आजही माझ्याकडे असतं. सहाच्या सहा रद्दीत गेली.

ग्रंथपाल_अर्धवेळ | बुधवार, सकाळी ७.०५

सहावा_नंबर, हे वाचून काल झोप लागली नाही. गेल्या सगळ्या वर्षांत आम्ही एकाही प्रमाणपत्रावर असं काही लिहिलेलं नाही.

जुनी_पाटी | बुधवार, सकाळी ८.२०

'उत्तेजक'ची पत कधी काळी केवढी होती ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एकोणिसाव्या शतकात संस्था काढायची तर नावात हा शब्द हवाच, असा जमाना होता. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० मध्ये 'गायन उत्तेजक मंडळी' काढली. पुण्यात १८७५ साली वेदशास्त्रोत्तेजक सभा. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली तीही १८७५ ची, आणि ती चालवणारी संस्था वक्तृत्वोत्तेजक सभा. ग्रंथोत्तेजक संस्था १८९४ ची. तिच्या आधी १८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं होतं, त्याच्याही मुळाशी मराठी ग्रंथांना उत्तेजन कसं मिळेल हीच काळजी होती.

लक्षात घ्या, वेदविद्या, वक्तृत्व, गायन, ग्रंथ. त्या काळच्या माणसांना वाटत होतं की हे सगळं आपल्याकडे आहे, पण गंजलंय. गंज काढून धार लावायची. म्हणून 'उत्तेजक'. 'संवर्धक' किंवा 'संरक्षक' असंही म्हणता आलं असतं, काहींनी म्हटलंही. पण जपून ठेवणं वेगळं आणि पाजवणं वेगळं.

आज वक्तृत्वोत्तेजक सभेचा फलक पाहून कुणी हसत नाही. जोडशब्दात तो शब्द सुरक्षित राहिला. एकटा सापडला तिथे गोत्यात आला.

फाईलबंद | बुधवार, सकाळी ९.१०

एकटा सापडला की गोत्यात येतो, हे प्रेरणेचंही झालंय. कायद्याच्या मराठीत 'अपप्रेरणा' म्हणजे दुसऱ्याला गुन्ह्याला लावणं. आणि विज्ञानाच्या पुस्तकात संप्रेरक, उत्प्रेरक. एकाच शब्दाची पोरं, एक कोर्टात, दोन प्रयोगशाळेत.

'खतपाणी घालणे' बघा. खत आणि पाणी यांच्याइतकी चांगली गोष्ट नाही. पण खतपाणी घालतात ते अफवांना, भांडणांना, वाईट सवयींना. अभ्यासाला खतपाणी घातलं असं कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

मिनूची_आई | बुधवार, सकाळी ९.३०

आणि हरभऱ्याचं झाड! तिथे चढवलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत. मराठी माणूस शाबासकी देताना कंजूष का, तर भाषेनंच त्याला बजावून ठेवलंय: फार कौतुक केलंस तर ते चढवणं होईल, अंगावर मूठभर मांस चढेल, डोक्यात हवा जाईल. सगळं चढणंच.

तांबडी_माती | बुधवार, दुपारी १.१५

राम राम मंडळी. एवढ्या मोठ्या मोठ्या शब्दांत साधा 'शाब्बास' कुठं हरवला?

कुस्तीच्या मैदानात पोरगं चितपट झालं, उठलं, अंगाची माती झाडली, आणि एखादा म्हातारा वस्ताद काठावरनं नुसता "शाब्बास पठ्ठ्या" म्हणाला, की ते पोरगं पुढच्या मैदानाला येतंच. जिंकलेल्याला शाब्बास सगळेच म्हणतात. हरलेल्याला म्हणणारा वस्ताद असतो. त्यानं काहीतरी बघितलेलं असतंय. पाय कुठं चांगला टाकला, पट कसा काढला, ते.

आणि लढत चालू असताना कुणी शाब्बास म्हणत नाही. तिथं हलगी बोलती. दोघं गुंतून पडले की हलगी संथ, एकानं डाव टाकला की कडकडाट. हलगीवाल्याला कुस्ती कळावी लागती. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ चं, आजही तिथं माती आणि हलगी हायच. माझं म्हणणं एवढंच, की उत्तेजन चालू कुस्तीत द्यायचं असतंय आणि शाबासकी कुस्ती झाल्यावर. तुमच्या निबंधाची कुस्ती झालेली हाय. मग 'शाबासकी पारितोषिक' का नको?

अनवट_तान | बुधवार, दुपारी ३.४०

तांबडी_माती, टाळ्या!

शाब्बास हा फारसी 'शाद बाश'. शाद म्हणजे आनंदी, बाश म्हणजे राहा. आनंदात राहा. म्हणजे तुमचा वस्ताद त्या पोराला चांगलं खेळलास असं म्हणतच नाही, तो आशीर्वाद देतोय. (राजाचा ससाणा म्हणजे शाहबाज, त्यावरून शाब्बास, असं कधीकधी ऐकायला मिळतं. ते पक्षी वेगळे.)

मैफलीतली 'दाद'ही तिकडचीच, आणि तिचा अर्थ आहे न्याय. म्हणून कोर्टात दाद मागतात आणि गाण्याला दाद देतात. गवयानं एखादी अवघड जागा घेतली आणि समोरून नेमक्या त्या क्षणी "क्या बात" आलं, तर त्याला न्याय मिळाला. उशिरा आलं तर तो नुसता शिष्टाचार. सहावा_नंबर यांची तक्रार मला याच जातीची वाटते. त्यांना कौतुक सहा वेळा मिळालं, दाद एकदाही नाही.

मिनूची_आई | बुधवार, दुपारी ४.०५

शाब्बासमध्ये एक खोच आहे. आमच्या घरी दूध उतू गेलं, किल्ली आत राहून दार ओढलं गेलं, की पहिला शब्द शाब्बास! त्यातला 'ब' जितका लांब, तितकं संकट मोठं. मिनूला प्रमाणपत्रावर 'शाबासकी' मिळाली तर ती आधी विचारेल, माझं काय चुकलं?

चष्मा_डोक्यावर | बुधवार, संध्याकाळी ६.२०

चालू कुस्तीवरून आठवलं. पळण्याच्या शर्यतीत आम्ही काय ओरडायचो? "बकप! बकप! बकप!" मी अनेक वर्षं हा मराठी शब्द समजत होतो. बगळ्याशी काहीतरी संबंध असावा, बक वगैरे. फार उशिरा कळलं की तो इंग्रजी 'बक अप'. पण आता तो आपलाच. 'बक अप' कुणी इंग्रज पुटपुटत असेल, 'बकप' मात्र मैदानाच्या कुंपणाला लटकून घसा फोडूनच म्हणता येतो.

मराठीत त्या जागी दुसरं काय आहे? पळ पळ पळ. हाण. चल चल. आलं आलं, अजून थोडं. सगळी क्रियापदं. नाम शोधायला गेलात की 'उत्तेजनार्थ' येतं.

खोडरबर | बुधवार, संध्याकाळी ६.३०

इतके प्रतिसाद झाले आणि अजून 'कणा' कविता कुणी आणली नाही. कोण आणणार, मी पैज लावून बसलोय.

जुनी_पाटी | बुधवार, संध्याकाळी ६.५२

मीच आणतो, तुम्ही पैज जिंका. कुसुमाग्रजांच्या त्या कवितेतला माणूस सरांचे पैसे घेत नाही. पाठीवर हात आणि 'लढ' हा एक शब्द, इतकंच मागतो.

सहावा_नंबर | बुधवार, संध्याकाळी ७.१०

हो, पण तो स्वतः मागायला आलेला आहे. 'लढ' मागणाऱ्याला द्यायचं असतं. न मागता दिलं की तो हुकूम होतो. आमच्या एका नातेवाइकांना हा फरक कधी कळला नाही. मी आजारी असतानाही ते 'लढ' म्हणायचे, तेव्हा मला फक्त झोपायचं होतं. तिथे 'धीर' चालतो. धीर देणाऱ्याला घाई नसते.

निरुक्तवेडा | बुधवार, रात्री ८.१५

पाठीचा विषय निघालाय तर बघा, देशी मराठीत उमेद राहते ती सगळी पाठीत. पाठ थोपटणे, पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, पाठीवर थाप, पाठीशी उभं राहणं. नव्या नवरीबरोबर सासरी जायची ती पाठराखीण. ती काही बोलत नसे, नवरीला नुसतं माहीत असायचं की माहेरचं कुणीतरी मागे आहे.

संस्कृत शब्द पुढे ढकलतात किंवा धार लावतात, प्र आणि उद्. मराठी शब्द मागे उभे राहतात. मूळ धाग्याला याचा काही उपयोग नाही, मान्य आहे.

फाईलबंद | बुधवार, रात्री ८.४०

उपयोग आहे. पर्याय मोजून घेऊ. प्रोत्साहनपर: भत्ता. शाबासकी: टोमणा. लढ: हुकूम. पाजवणे: नको. 'विशेष उल्लेखनीय' राहिलं, ते कुणीच सुचवलं नाही, कारण त्यात काहीच उल्लेख नसतो. 'हुरूप पारितोषिक' मला बरं वाटतं. हुरूप येतो, कुणी देत नाही. छोटा शब्द आहे, चिडवायला जागा नाही.

मिनूची_आई | बुधवार, रात्री ८.४४

चिडवायला जागा नाही? "काय हुरूपे!" आठवीच्या वर्गाला कमी लेखू नका.

ग्रंथपाल_अर्धवेळ | गुरुवार, रात्री ९.३०

बैठक झाली. हा सगळा धागा मी छापून नेला होता. तळटिपांसारखं वाचत बसलो सगळे, चहा गार झाला.

धार लावण्याचा अर्थ सगळ्यांना नवा होता. आमच्या अध्यक्षांनी तर तो दोनदा वाचायला लावला. मग मी त्या कॉलेजच्या मुलाकडे पाहिलं, म्हटलं तू सांग, तुझ्यावर सोडते. तो म्हणाला, "शब्द राहू दे. अर्थ चांगला आहे, पण आठवीतल्या मुलाला तो कोण सांगणार? तुम्ही एक करा. स्टेजवर नाव पुकारताना 'उत्तेजनार्थ अमुक अमुक' असं पुकारू नका. त्याच्या निबंधातलं चांगलं वाक्य वाचून दाखवा, आणि मग नाव घ्या. प्रमाणपत्रावर काय छापलंय ते मग कुणी बघणार नाही."

तसंच ठरलं. दोन्ही परीक्षकांना फोन केला, ते प्रत्येक निबंधातलं एक वाक्य निवडून प्रमाणपत्राच्या खाली स्वतःच्या हातानं लिहिणार आहेत. एका परीक्षकांनी कुरकुर केली, पाचही निबंध परत वाचावे लागतील म्हणून. वाचा म्हटलं. सहावा_नंबर, हे तुमचं.

सहावा_नंबर | गुरुवार, रात्री ९.५०

पाचांपैकी कुणी लेस बांधत बसलंय का तेवढं बघा. थोडं थांबा त्याच्यासाठी.

ग्रंथपाल_अर्धवेळ | शुक्रवार, दुपारी १२.१५

प्रेसमधून प्रूफ आलं. पाचही प्रमाणपत्रांवर ठळक अक्षरांत: 'उत्तेजनार्त पारितोषिक'.

निरुक्तवेडा | शुक्रवार, दुपारी १२.२१

आर्त! उत्तेजनासाठी व्याकुळ झालेला! समास बरोबर सुटतोय, व्याकरणाची काही हरकत नाही.

सहावा_नंबर | शुक्रवार, दुपारी १२.२४

सहा वेळा होतो तो मीच. तसंच छापा.

ग्रंथपाल_अर्धवेळ | शुक्रवार, दुपारी १.००

दुरुस्त करून परत पाठवलंय. चुकीच्या प्रूफचा एक कागद मात्र टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.